काठावरचं माणूस

आधी माफी मागतो. आत्मकथन लोक केस पिकल्यावर लिहितात, आणि तोवर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही जमलेलं असतं. माझे केस अजून काळे आहेत आणि मी कोणी झालेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, एवढीच माझी ओळख. तीही सांगताना मला अवघडल्यासारखं होतं, कारण पायरी चढलो म्हणजे वर पोचलो असं नाही. तरीही एका उन्हाळ्याबद्दल लिहावंसं वाटतं. त्या उन्हाळ्यात काही मोठं घडलं नाही. दोन लहान पोरींना सुट्टीत कुठे ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. पण तो प्रश्न माझ्या छातीवर असा बसला होता, की आजही मे महिना लागला आणि झाडांना खिळे ठोकून लावलेले शिबिरांचे फलक दिसले, की मी रस्त्याची बाजू बदलतो.

आम्ही मूळचे शिरोळकडचे. कृष्णेचं पाणी दोनदा घरात शिरलं. दुसऱ्या वेळेला भिंतीच गेल्या, तेव्हा आई म्हणाली, "आता बास." वडील तिकडेच राहिले. ते ट्रॅक्टर चालवतात, रविवारी येतात. आई, मी आणि माझ्या दोन बहिणी, तेजू आणि राणी, कोल्हापुरात एका गल्लीत वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहू लागलो. आईला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम मिळालं. ओतकामासाठी वाळूचे साचे बनवायचे, ते काम तिथे बायका करतात. साडीवर वडिलांचा जुना शर्ट चढवून ती वडापच्या, म्हणजे माणसागणिक भाडं घेणाऱ्या, जीपमध्ये बसायची. वाटेत पंचगंगेचा पूल लागतो. पूल आला की आई मांडीवरच्या डब्याकडे बघत बसायची, पूल संपेपर्यंत मान वर करायची नाही. तिच्याबरोबर जाणाऱ्या बायका तिची थट्टा करायच्या, "आली गं आली, नदी आली, हिला पदराखाली घ्या." ती हसायची, पण मान वर करायची नाही.

आमच्या खोलीचा सकाळचा आवाज अजून माझ्या कानात आहे. खाली घरमालकीण काकूंचा मिक्सर, समोरच्या गोठ्यात म्हशीची धार काढताना चरवीचा आवाज, कोपऱ्यावर वडापवाल्याचा "शिरोली, शिरोली, शिरोली" असा एका दमात निघणारा पुकारा. आई भाकरी थापत असायची आणि राणी तिच्या पाठीला पाठ लावून बसलेली असायची. राणीला बोलायला लागायचं. ऐकणारं कोणी नसलं तर ती पातेल्याशी बोलायची. तेजू थोरली, चौथी संपवून पाचवीला जाणारी, ती गप्प. तिला काय वाटतं हे तिच्या पायांवरून कळायचं. काही मनाविरुद्ध झालं की ती उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर दाबून उभी राहायची.

शाळा होती तोवर सगळं बसवलेलं होतं. सुट्टी लागली आणि बसवलेलं सगळं कोसळलं. शाळांना सुट्टी लागते तेव्हाच आमच्या कॉलेजच्या सेमिस्टरच्या परीक्षा येतात. ही वेळ ज्याने कोणी ठरवली असेल त्याच्या घरी लहान भावंडं नसणार. मी ग्रंथालयात जायचो, आई कामावर, पोरी खोलीत. पहिल्याच आठवड्यात एकदा त्या जिन्यात खेळताना राणी घसरून पडली आणि हनुवटी फुटली. काकूंनी हळद लावली, पण आई आल्यावर ऐकवलंही, "हे बघा वहिनी, पोरी ग्वाड हायत, पर मी काय राखणीला बसल्याली न्हाय. उद्या एखादी रस्त्यावर गेली तर माझ्या नावानं बोंब."

त्याच आठवड्यात कुरुंदवाडहून मामीचा फोन आला. मामीचं दुधाचं आणि बासुंदीचं दुकान आहे, मुलगी नाही. ती मनाने वाईट नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. ती म्हणाली, "तेजूला सुट्टीला धाडा की. गल्ल्यापाशी बसंल, माझ्या हाताखाली येईल. आणि रमली तर इथंच ऱ्हाऊ दे. शाळा काय इथं न्हाय व्हय? राणीला वन्सं तुम्ही सांभाळा, दोघींचं वझं कशाला?" फोन आईच्या कानाला होता, पण मामीचा आवाज असा की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. तेजूने उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर दाबला.

सुट्टीला गेलेली पोर गल्ल्यावर बसली की शाळा हळूहळू सुटते, हे मला माहीत होतं. माझ्या दोन चुलतबहिणींचं तसंच झालं होतं. मी आईला तसं म्हणालो. आई चपलेचा तुटलेला निळा पट्टा दोऱ्याने शिवत होती. "मग तू सांग की काय करू," ती म्हणाली. "काम सोडू? सकाळचं कुठंतरी पोरींचं जमव. कुणाच्या तरी नजरंखाली ऱ्हाऊ देत. जमलं तर बघ, न्हाईतर ह्या म्हैन्यात मी तेजूला सोडून येते." ती रागावली नव्हती. तिचा आवाज दमलेला होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग मी शहर पालथं घालायला निघालो, दोन पोरींना दोन हातांना धरून. खांबाखांबावर फलक होते. रोबो बनवा, घोड्यावर बसा, इंग्रजीत बोला, अबॅकस, स्केटिंग. मी फलकाखालच्या नंबरवर फोन करायचो, समोरून गोड आवाजात फी सांगितली जायची, आणि मी म्हणायचो, "घरी विचारून सांगतो." राणी विचारायची, "घरी कुणाला इचारणार दादा? आपण सगळी हितंच हाय की." एका देवळात संस्कारवर्ग फुकट होता, पण तासाभराचा आणि संध्याकाळचा. एका वाचनालयात मुलांची खोली होती, तिथे दोघी सकाळभर बसल्या, पण राणी मोठ्याने वाचते म्हणून दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी मला बाजूला बोलावलं. एका मैदानावर फुटबॉल शिकवत होते, पोरगे पेठांच्या नावाने ओरडत होते, आणि शिकवणाऱ्याने माझ्या हातातल्या दोघींकडे बघून प्रामाणिकपणे विचारलं, "पावणं, ह्या बघायला आल्यात न्हवं?" टाऊन हॉलच्या बागेत तर आम्ही इतक्यांदा जाऊन बसलो की तिथल्या झाडांवरची वटवाघळं राणीने नावं देऊन वाटून घेतली. मी मांडीवर अर्थशास्त्राचं पुस्तक उघडं ठेवायचो, दर ओळीला मान वर करून पोरी मोजायचो, आणि पुन्हा तीच ओळ वाचायचो.

जमलं ते गादीवाल्याच्या दुकानात. काकूंची गादी भरून आणायला मी तिथे गेलो होतो. दुकानाच्या दारात रिकामे तेलाचे डबे रचलेले होते आणि प्रत्येक डब्याला गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बंद शिवलेले होते. तेजूने कधी नव्हे ते तोंड उघडलं, "हे कशाला?" आतून कापसाने पांढरी झालेली दाढी बाहेर आली. "पाठीला बांधायला. पवायला शिकायचं असंल तर." हे दस्तगीर वस्ताद. गल्लीच्या तालमीत लहानपणापासूनचे. उन्हाळाभर रोज सकाळी गावाच्या कडेला असलेल्या एका मळ्यातल्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवायचे. मळा आता उरला नाही, भोवती इमारती झाल्या, पण मालकाने विहीर ठेवली आणि उन्हाळ्यात तिचं दार तालमीला उघडं असतं. मी फी विचारली. वस्तादांनी दाढीतला कापूस झटकला. "तालमीत फी असती व्हय रं? शेवटल्या दिवशी एक नारळ आण. आणि घरचं एक माणूस रोज काठावर पाहिजे. बाकी काय न्हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. सकाळची वेळ, फुकट, मुलींचा वेगळा घोळका, वस्तादांची सून त्यांच्याबरोबर पाण्यात. पण आईला पाण्याचं नाव कसं सांगायचं, या विचाराने मी घरापर्यंत घामाघूम झालो. सांगितलं तेव्हा तिने हातातली परात खाली ठेवली. पिठाचा हात पदराला पुसला. मग म्हणाली, "कोण असंल काठावर?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"तू असशील तरच," आई म्हणाली. मला पोहता येत नाही हे तिला माहीत होतं. नदीकाठी वाढूनही तिने मला कधी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नव्हतं. तरी तिने हो म्हटलं, ते का, हे मला तेव्हा कळलं नाही. मामीच्या दुकानातला गल्ला तिलाही दिसत असावा.

विहीर दगडी, खोल, एका अंगाला पायऱ्या. सकाळी ऊन अर्ध्या भिंतीवर असायचं आणि पाणी काळंहिरवं. पोरांचा कालवा भिंतींवर आपटून दुप्पट व्हायचा. वस्तादांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुला येतंय न्हवं?" मी नाही म्हणालो. "शिरोळचा गडी आणि पवायला येत न्हाय? मग वाढलास कुठं, टेरेसवर?" सगळी पोरं हसली. मी काठावर उभा राहिलो. तेजूच्या पाठीला दोन डबे, राणीच्या पाठीला तीन, कारण राणीने तिसरा मागून घेतला. माझ्या हातात पुस्तक असायचं पण एक पान उलटलं नसेल. माझं सगळं लक्ष तेजूच्या डोक्याकडे. ते पाण्याखाली गेलं की मी श्वास धरायचो, ते वर येईपर्यंत. ही बुडाली तर मी काय करणार, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारायचो आणि रोज उत्तर एकच यायचं: ओरडेन. कॉलेजात शिकणाऱ्या माणसाला एवढंच करता येतं, याची मला शरम वाटायची.

पण त्या विहिरीची एक रीत होती, तिने मला थोडा धीर दिला. वरून उडी मारायची असेल तर पोराने आधी आपल्या घरच्या माणसाला हाक मारायची. काठावरच्या माणसाने "हाय!" म्हणायचं. मगच उडी. उत्तर आलं नाही तर उडी नाही, पोर उभं राहील नाहीतर पायऱ्यांनी खाली येईल. वस्ताद म्हणायचे, "काठावरचं माणूस झोपलंय का जागं हाय, त्ये कळाय नको?" तेजू खालच्या पायरीवरून मारायला शिकली, मग मधल्या. "दादा!" ती ओरडायची. "हाय!" मी ओरडायचो. माझा आवाज चिरकायचा. ती उडायची, आणि ते डोकं वर येईपर्यंत पुन्हा माझा श्वास थांबायचा. दोन डब्यांचा एक झाला, एकाचा शून्य झाला. घरी येताना वस्तादांनी दिलेले भिजवलेले हरभरे दोघी ओंजळीतून खायच्या, घरी आल्यावर शिळी भाकरी, दही आणि खर्डा असा संपायचा की आईने दुपारसाठी झाकून ठेवलेलंही उरायचं नाही. मग दोघी झोपायच्या, ओल्या केसांनी, चटईवर, आणि मी अभ्यास करायचो. त्या झोपलेल्या पोरींच्या श्वासांच्या आवाजात मी जे वाचलं ते अजून लक्षात आहे.

शेवटच्या दिवशी, वस्तादांच्या भाषेत 'नारळाच्या दिवशी', सगळ्यांनी अगदी वरच्या कठड्यावरून उडी मारायची असते. तो दिवस आणि माझा शेवटचा पेपर एकाच सकाळी आले. मी वस्तादांना विचारलं, एक दिवस पुढे ढकलता येईल का. ते म्हणाले, "पाऊस तोंडावर हाय, हिरीला पाणी चढंल. घरात दुसरं माणूस न्हाय व्हय?"

दुसरं माणूस म्हणजे आई. तिची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. मी भीत भीत विचारलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, नको ती उडी, झालं तेवढं बास. तेजू पायावर पाय दाबून उभी होती. आईने तिच्या पायांकडे बघितलं. "पाळी सुटली की तशीच येते," ती म्हणाली. "मी बघणार न्हाय पाण्याकडं. नुसती उभी ऱ्हाते."

त्या दिवशी वस्तादांची सून पोरींना घेऊन गेली आणि मी कॉलेजात गेलो. फोन दप्तरात, दप्तर वर्गाबाहेर. पेपर अवघड नव्हता. पण मला अधूनमधून खाली पाणी दिसायचं, बाकाच्या खाली. हाकेची रीत आईला सांगायची राहिली हे मला तिसऱ्या प्रश्नाच्या मध्यात आठवलं. ती पाळीवरून परस्पर जाणार होती आणि आदल्या संध्याकाळी मी ग्रंथालयातून येईपर्यंत ती कामावर निघून गेली होती. मी स्वतःला म्हणालो, वस्ताद सांगतील की. आणि लिहीत राहिलो, पण अक्षर बदललं. त्या पेपरात तिथून पुढचं अक्षर दुसऱ्याच कुणाचं वाटलं असेल.

बाहेर येऊन फोन बघितला तर अनोळखी नंबरवरून कितीतरी मिस्ड कॉल. मी उलटा लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. आईचा लावला, बंद. आईचा फोन कधी बंद नसतो. तो साधा फोन, आठवडाभर चालतो. पुन्हा लावला, बंद. मित्र पेपराबद्दल काही विचारत होते, मी त्यांच्यामधून पळालो. रिक्षा दिसली नाही की दिसूनही मी थांबवली नाही, आठवत नाही. त्या उन्हात कोल्हापूरच्या रस्त्यांनी पळणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही, सगळ्यांना वाटतं याची बस चुकली.

विहिरीचं दार ओढून घेतलेलं होतं. मी ढकललं. आत कोणी नव्हतं. पाणी अगदी स्थिर, जणू तिथे कधी कोणी उतरलंच नाही. कठड्यावर फुटलेल्या नारळाच्या करवंट्या, पायऱ्या ओल्या, आणि काठावर, मी रोज उभा राहायचो नेमक्या त्याच जागी, आईची एक चप्पल. निळा पट्टा दोऱ्याने शिवलेली. एकच. दुसरी मी शोधली. भिंतीपाशी, झुडपात, पायऱ्यांवर. मग पाण्याकडे बघितलं आणि बघवेना. मी हाक मारली, "तेजू!" विहिरीने माझाच आवाज मला परत दिला.

आज मला घरातले हसतात, की समोर एवढी गल्ली होती, कुणालाही विचारायचं होतंस. खरं आहे. पण विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी ती चप्पल हातात घेऊन तिथेच खाली बसलो.

तेव्हा फोन वाजला. तोच अनोळखी नंबर.

"दादा! किती येळ झाला फोन लावतोय आमी!" राणी होती. "आई हिरीत गेली!"

मी ताडकन उठून पुन्हा पाण्यात वाकून बघितलं.

"अरे ऐक की! तेजू वर हुबी होती. म्हणली, आई! तर आई काय बोलंचना, ती भिताडाकडं तोंड करून डोळं मिटून हुबी. मग तेजू लई मोठ्यानं वराडली, आई! आणि तवाच मी खालच्या पायरीवरनं डब्यांसकट धप्पदिशी पडले. आईला वाटलं तेजूच पडली. आणि दादा, तिनं उडीच टाकली! शर्टासकट! फोनबी कमरंलाच!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पाण्यात जाऊन ती तेजूला हुडकाय लागली आणि तेजू वरनं म्हणती, आई, मी हितं हाय की! सगळी हसाय लागली. वस्ताद उडी टाकायला निघालतं, ते अर्ध्यातनंच थांबलं. दादा, आईला पवायला येतंय! लई भारी येतंय! ती बाहीर येईचना. तसंच पाण्यातनं तिनं वर बघितलं आणि म्हणली, हाय गं, हाय, मार उडी! आणि तेजूनं मारली! आमी आता वस्तादांच्या घरात हाय. त्यांच्या सुनंनं आईला ड्रेस दिलाय, आई ड्रेसात कशी दिसती ठावं हाय का—"

मागून कोणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. मी "आई?" म्हणालो. पलीकडे श्वास ऐकू आला, दमलेला, पण फौंड्रीतून आल्यावरचा तो दमलेला श्वास नव्हता.

"पेपर कसा गेला?" आईने विचारलं.

"बरा गेला," मी म्हणालो. "आई, तू कधी शिकलीस?"

"कुरुंदवाडला घाटावर. तुझा मामा आणि मी. लई झालं त्याला." मग तिने विषय बदलला. "माझी एक चप्पल तिथं असंल बघ, घेऊन ये. दुसरी गेली बुडाली." मी चप्पल हातात घट्ट धरली होती, पण तसं सांगितलं नाही. मागे राणी ड्रेसाबद्दल काहीतरी सांगत होती, तेजू तिला गप्प बस म्हणत होती. मग आई हळू आवाजात म्हणाली, जणू हे फक्त माझ्यासाठी होतं, "आणि संद्या, वस्तादांच्या फोनवरनं मी तुझ्या मामीला फोन लावलेला. तिला सांगितलं, तेजू यायची न्हाय."